खांबातून आलेला आवाज
आवाजांचा मुलूख : भाग ९

मागे मेटल संगीताची तोंडओळख करून दिली, तेव्हा दारव्ह्यातल्या काही वाचकांनी विचारलं की हे गुरगुरणं म्हणजे गाणं कसं? आणि देवाच्या कथा असल्या आवाजात सांगणं शोभतं का? दुसरा प्रश्न 'दशावतार' या अल्बमच्या ओझरत्या उल्लेखावरून आला होता. तो उल्लेख ओझरता ठेवण्यासारखा नाहीच. आजचा भाग त्याच्यासाठी.

डेमॉनिक रिझरेक्शन हा मुंबईचा बँड २००० सालचा. साहिल मखीजा हा त्याचा गायक आणि गिटारवादक. 'डेमनस्टीलर' या नावानं तो ओळखला जातो. सुरुवातीपासून आजवर टिकलेला तो एकटाच, बाकीचे वादक येत-जात राहिले. तेव्हा मुंबईत रॉक ऐकायचं म्हणजे धोबी तलावचं रंगभवन आणि तिथला, १९८६ पासूनचा, 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव. पुढे आसपासची इस्पितळं आणि महाविद्यालयं यांच्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. परदेशी गाण्यांच्या नकला वाजवल्या तरच टाळ्या मिळायच्या, त्या काळात हा पोरगा स्वतःची गाणी घेऊन उभा राहिला. छापणारं कोणी नाही म्हणून त्यानं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. मंच नाही म्हणून स्वतःच महोत्सव भरवला. २०१० साली बँडचा 'द रिटर्न टू डार्कनेस' हा अल्बम इंग्लंडच्या कँडललाइट कंपनीनं काढला, आणि त्याच वर्षी 'मेटल हॅमर' मासिकाचा 'ग्लोबल मेटल' पुरस्कार त्यांना मिळाला. नॉर्वेचा इन्फर्नो, जर्मनीचा वाकेन असे मोठे महोत्सव झाले. आणि २०१७ मध्ये, सतराव्या वर्षी, पाचवा पूर्ण अल्बम आला तो 'दशावतार'. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, प्रत्येक अवताराला एक.

आता त्या गुरगुरण्याकडे, म्हणजे मेटलमधल्या 'डेथ मेटल' या प्रकाराच्या गळ्याकडे वळू. आपल्या घशात स्वरतंतूंच्या जरा वर आणखी दोन घड्या असतात. एरवी बोलताना त्या गप्प असतात. पोटातून श्वासाचा दाब देऊन त्यांनाही कंप पावायला लावलं की खालचा, जाड, खरखरीत आवाज निघतो. तिबेटी भिक्खूंच्या खर्जातल्या पठणात, सायबेरियातल्या तुवा प्रांतातल्या गायकांत आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या मेंढपाळांच्या समूहगानात याच घड्या काम करतात. म्हणजे ही विद्या जुनी आहे. अमेरिकेत १९८५ च्या सुमारास 'पझेस्ड' आणि मग फ्लोरिडाच्या 'डेथ' या बँडांनी तिला विजेच्या गिटारीशी जोडलं, एवढंच. तालीम नसलेला माणूस दोन गाण्यांत घसा बसवून घेतो. तालीम असलेला तासभर गातो आणि उतरून निवांत गप्पा मारतो.

ड्रमचंही तसंच. ज्याला 'ब्लास्ट बीट' म्हणतात, त्यात हात आणि पाय इतक्या वेगानं एकाआड एक पडतात की ठोके मोजता येत नाहीत, त्यांचा सलग पडदा होतो. मिरवणुकीत ताशाची तर्री ऐकलेल्या कानाला हे परकं वाटू नये.

या अल्बममधलं चौथं गाणं नरसिंहाचं, आणि माझ्या मते सगळ्या अल्बमचं समर्थन तिथे आहे. आपल्याकडे गावोगाव भागवत सप्ताह बसतो. प्रल्हादाची कथा आली की महाराज आधी गोड आवाजात लेकराचं बोलणं सांगतात, मग हिरण्यकशिपूचा दरडावणीचा सूर लावतात, आणि खांबाला लाथ बसते तेव्हा मंडपातल्या बाया पोरांना जवळ ओढतात, कारण महाराजांचा आवाज त्या क्षणी फाटतो. मृदंगवाल्याला खूण करावी लागत नाही. तो आपणहूनच थाप चढवतो. हे असं का होतं? कारण वरदानच असं होतं की ना माणूस मारील ना जनावर, ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर. त्यातून सुटणारा देव गोड गळ्यानं बोलूच शकत नाही. त्याला असा आवाज हवा जो माणसाचाही नाही आणि जनावराचाही नाही. डेथ मेटलचा गळा नेमका त्या उंबरठ्यावर उभा असतो. शब्द माणसाचे आणि नाद श्वापदाचा. शोभतं का, असं विचारणाऱ्यांना मी म्हणेन की या एका कथेसाठी तरी याहून शोभणारा आवाज मला सुचत नाही.

परदेशात या अल्बमकडे लक्ष गेलं ते बरंचसं त्यातल्या भारतीय वाद्यांमुळे आणि श्लोकांमुळे. कौतुक झालं त्याचा आनंद आहे, पण ते कौतुक मला थोडं खटकतं. बासरी-तबला आला की बँड 'भारतीय' झाला, आणि आधी अंधाराच्या साम्राज्याच्या स्वतः रचलेल्या कथा गात होता तेव्हा नव्हता का? कट्टर डेथ मेटलवाल्यांची तक्रार उलटी: कीबोर्ड फार, सुरेल गाणं फार. त्यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. कृष्णाच्या कथेला सुरेलपणा साजतो, पण सगळीकडेच तो आणला की धार बोथट होते.

खरा अडखळा मात्र नवव्या गाण्याशी आहे, आणि तो विदर्भातल्या कानालाच चटकन कळेल. तिथे बुद्ध आहेत. अल्बमनं पुराणातली यादी जशीच्या तशी घेतली. पण १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी बुद्धांना विष्णूचा अवतार मानायला स्पष्ट नकार देते. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत ती पाठ आहे. महाराष्ट्रातल्या दशावताराच्या अनेक जुन्या चित्रांत-शिल्पांत नवव्या जागी विठ्ठल दिसतो, तोही याच यादीला पर्याय म्हणून. वादाची एवढी मोठी जागा हाताशी असताना बँडनं ती सरळ ओलांडली. जो प्रकार अवघड प्रश्नांना भिडतो असं मी तुम्हाला सांगत आलो, त्यानं इथे भिडायलाच हवं होतं. संगीत म्हणून गाणं वाईट नाही, विचार म्हणून ते आयतं आहे.

ऐकायचं असेल तर मत्स्यापासून सुरुवात करू नका. आधी नरसिंह लावा, तोही मोबाईलच्या स्पीकरवर नको, कानात हेडफोन घालून, म्हणजे खालचे सूर हाती लागतील. पहिल्यांदा फक्त ड्रम ऐका. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. मग वामन आणि परशुराम घ्या.

पुढच्या आठवड्यात मुंबईचाच 'गटस्लिट'. तिथे सुरेल गळाही नाही आणि देवही नाहीत.