खीचनचे पाहुणे
राजस्थानात फलोदीजवळील खीचन गावी दर हिवाळ्यात मंगोलिया व मध्य आशियातून हजारो करकोचे उतरतात. लोक त्यांना ‘कुरजा’ म्हणतात. तेथील जैन कुटुंबांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या चुग्गाघरात त्यांना ज्वारी घातली जाते. परंतु एका गावाचे अभयदान अपुरे आहे. वाटेवरील पाणथळी आटल्या किंवा विजेच्या तारा आड आल्या, तर खीचनचे दाणे कोण वेचणार? याच जाणिवेतून १९७९ साली बॉन येथे स्थलांतरित वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८३ पासून त्यात सहभागी असून २०२० ची परिषद गांधीनगर येथे भरली. जीवदयेसाठी काढलेल्या रकमेतील काही वाटा आता दाण्यांबरोबर पाणथळींच्या रक्षणासाठीही ठेवावा.