बाजेखालचं बाळंतपण

पहाटे ५.४०
पुण्यातल्या धायरीत एका गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड. डिसेंबर आहे, पत्रा आतून ओलसर झालाय. मावशी चपला बाहेर काढून अनवाणी आत येतात. चपलेचा आवाज आला की भुरी, गाभण कुत्री, भिंतीत घुसायला बघते. मावशींच्या उजव्या हातात थर्मामीटर, डाव्या मुठीत उकडलेल्या कलेजीचे तुकडे. तुकडा पुढून, थर्मामीटर मागून. एवढं जमायला पंधरवडा गेला. सुरुवातीला नुसतीच कलेजी द्यायच्या, थर्मामीटर शेजारी पडलेला असायचा.

आकडा येतो ९८.४. काल रात्री १००.८ होता. "आज विणार," एवढंच म्हणून मावशी तो वहीत लिहितात. कुत्रीचं अंग ९९ च्या खाली उतरलं की साधारण चोवीस तासांत कळा लागतात. गाभण कुत्रीचे त्रेसष्ट दिवस मोजायचे असतात, पण भुरीचे कुठून मोजायचे ते कुणालाच माहीत नाही. म्हणून हा १८० रुपयांचा थर्मामीटर, सकाळ-संध्याकाळ.

६.३०
बाकीच्या अकरा कुत्र्यांचा स्वयंपाक. चार किलो कणी, दोन किलो चिकनच्या माना, भोपळा, हळद. कणी ३८ रुपये किलो. माना शिजल्या की मावशी मांस सोडवून हाडं वेगळी काढतात. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतडं फाडतं. हे काम गरम असतानाच करावं लागतं. बोटांची टोकं लाल होतात.

कुत्र्यांची ही शेड चार-पाच नोकरदार माणसं वर्गणी काढून चालवतात. मावशींना महिना नऊ हजार, सकाळी सहा ते दुपारी एक. संध्याकाळी दोन घरच्या पोळ्या.

भुरी नवले पुलाजवळ सापडली. गळ्यात नायलॉनची दोरी रुतलेली, कातडीत गेलेली. कुणीतरी लहानपणी बांधली असणार, ती वाढली आणि दोरी तेवढीच राहिली. जखमेसाठी आणली. पोट जंतांचं वाटलं होतं. जंताच्या औषधानं पोट उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी चाचपून पाहिलं. नसबंदी झालेल्या कुत्रीच्या कानाला खाच असते, हिचे दोन्ही कान अखंड. पावसाळा सरताना रस्त्यावरची कुत्री जोडीला लागतात, थंडीत पिल्लं येतात. सातशे रुपये देऊन एक्स-रे काढला, त्यात पिल्लांचे पाच पाठकणे दिसले.

९.००
खाणं पुढ्यात ठेवलं. भुरीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली आहे, चार फूट बाय तीन. आतून चारी बाजूंनी, जमिनीपासून चार बोटं वर प्लास्टिकचा पाइप. आई भिंतीला टेकली तरी पिल्लू त्या पाइपखाली सरकतं, चिरडत नाही. उत्तम पेटी. भुरीनं तिच्यात एकदाही पाय ठेवला नाही. तिला कोपऱ्यातल्या बाजेखालची जागा हवी.

मग मावशींनी बाजच उचलली. रोज एका पायाखाली एक वीट. आधी पुढचे दोन, मग मागचे दोन, मग दुसरा थर. एकदम उचलली असती तर तिनं ती जागाही सोडली असती. आता खाली बसून खांद्यापर्यंत हात आत जातो. पेटीतला पाइप काढून भिंतीलगत ठोकला. खाली रद्दी पेपरचे जाड थर, वर जुन्या चादरी. मला या सगळ्या दिवसातलं सर्वांत मोठं काम हेच वाटलं, आणि ते आधीच करून झालं होतं.

११.१५
पेपर फाडण्याचा आवाज. भुरी पुढच्या पायांनी चादर उकरतेय, गोल फिरतेय, बसतेय, पुन्हा उठतेय. जीभ बाहेर, थंडी असूनही धाप लागल्यासारखी. मागच्या मांड्या थरथरतात. नवख्याला वाटावं, ताप भरलाय. मावशी लांबूनच पाहतात. "गर्भाशयाचं तोंड उघडतंय. याला वेळ लागतो. आपण मधे नाही जायचं."

मी वाकून पाहायला गेले तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं. सरळ तिच्याकडे बघायचं नाही. एका अंगावर बसायचं, नजर दुसरीकडे.

१.३०
डॉक्टरांना फोन. आवाज स्पीकरवर, बारीक केलेला. जोरकस कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, तर फोन. दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त गेले, तर फोन. पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर फोनही नको, थेट घेऊन या. वार गर्भाशयापासून सुटली की हा रंग येतो. पहिलं पिल्लू झाल्यावर दिसला तर चालतो, आधी दिसला तर आतलं पिल्लू गुदमरतंय. मनानं इंजेक्शन द्यायचं नाही, कॅल्शियमच्या गोळ्या तर नाहीच.

मावशींची कामाची वेळ संपली. त्या पोळ्यांच्या दोन्ही घरी कळवतात. एकीकडचा खाडा माफ, दुसरीकडचा कापला जाणार. साठ रुपये.

३.००
सामान एका ताटात. उकळलेला शिवणाचा दोरा, कात्री, आयोडीन, हातमोजे, सहा जुने पंचे. स्वयंपाकाचा वजनकाटा, साडेचारशेचा. प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून वर पायमोजे चढवले. वर शंभरचा बल्ब, पण भुरीच्या अंगावर नाही, बाजूला. पिल्लांना जन्मतः अंगाची ऊब धरता येत नाही. रात्री पारा अकरा-बारापर्यंत उतरेल.

५.४५
मागच्या मंगल कार्यालयातून वरात निघाली. बँड, मग डीजे. पत्रा थरथरतो. भुरीला नुकत्याच कळा धरल्या होत्या, त्या थांबल्या. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं, कान मागे चिकटले. भीतीनं कळा खरंच थांबतात. शरीर पळायची तयारी करतं, विण्याची नाही.

मावशी शटर ओढतात, फटीत गोधडी कोंबतात. बल्ब बंद. बाजेला पाठ टेकून, भुरीकडे पाठ करून खाली बसतात आणि शेंगा सोलायला घेतात. बोलत नाहीत, कुरवाळत नाहीत. शेंग फुटल्याचा बारीक आवाज तेवढा. वरात पुढे गेली. बराच वेळ काही नाही. मग बाजेखालून नाक आलं आणि मावशींच्या कमरेला टेकलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. अजून एक शेंग फोडली.

रात्री ८.५०
कळा परत. आता पोट आवळताना बाहेरून दिसतं.

९.१०
पहिलं. काळपट पिशवी आधी, आत काहीतरी हलणारं. भुरी दचकून उठली, मागे वळून पाहिलं, लांब सरकली. स्वतःतून हे निघालंय हे तिला कळेना. मावशींनी हात पुढे केला नाही. त्या मनात आकडे मोजत होत्या, ओठ हलत होते. वीसच्या आत भुरी परत आली, पिशवी चाटली, दातांनी फाडली. नाळ तोडली. पिल्लू ओरडलं.

९.२५ ला वार पडली. वहीत दोन खुणा, एक पिल्लाची, एक वारेची. वार आत राहिली तर ती सडते, म्हणून मोजायच्या.

९.५५
दुसरं. हे तिनं स्वतःच सगळं केलं.

१०.४०
तिसरं, आणि भुरी दमली. पिशवी तशीच, ती मान टाकून पडलेली. आता मात्र मावशींचा हात आत गेला. नखानं पिशवी तोंडापाशी फाडली. पंच्याच्या टोकानं नाक-तोंड पुसलं. पिल्लू निळसर, हातात ओल्या चिंधीसारखं लोंबणारं. डोकं खाली धरून पंच्यात घोळलं, पाठीवर उलट्या दिशेनं चोळलं. जोरात, बघणाऱ्याला नको वाटेल इतकं. पुसलं, चोळलं, पुसलं. मग छाती एकदा उडी मारल्यासारखी हलली. जीभ गुलाबी व्हायला लागली. दोऱ्याची गाठ पोटापासून बोटभर अंतरावर, पलीकडून कात्री, टोकाला आयोडीन. लगेच आचळाला लावलं. पहिल्या दिवसाचा चीक पोटात जायलाच हवा, रोगाशी लढायची ताकद त्यातून येते.

१२.४५
दोन तास होऊन गेले. चौथ्याचा पत्ता नाही. डॉक्टरांना फोन. कळा जोरात आहेत का? नाहीत. हिरव्या स्रावाला घाण वास? नाही. मग तिन्ही पिल्लं आचळांना लावा. पिल्लं ओढली की पान्हा सुटतो आणि कळाही येतात. तिला दोरीनं अंगणात फिरवून आणा. अर्ध्या तासात काही नाही झालं तर निघा. गल्लीतल्या रिक्षावाल्याला मावशींनी संध्याकाळीच सांगून ठेवलंय, रात्रीचे तीनशे.

दोरी मात्र मावशी गळ्यात घालत नाहीत. छातीभोवती ओढणी बांधून नेतात.

१.१०
अंगणातून परत येताच चौथं. मेलेलं. मावशींनी पंधरा मिनिटं चोळलं, तोंड पुसलं, पुन्हा चोळलं. मग थांबल्या. पिल्लू भुरीपुढे ठेवलं. तिनं चाटलं, नाकानं ढकललं, जिवंत पिल्लांकडे वळली. तेव्हा ते उचलून पेपरात गुंडाळलं. नाही दाखवलं तर ती रात्रभर शोधत बसते, असं मावशी म्हणतात.

१.५०
पाचवं. छोटं, पण आवाज मोठा.

३.३०
पाच वारा झाल्या. भुरीसाठी पातळ पेज, त्यात अंडं. सगळी चाटून पुसून घेतली. आता वजनं. काट्यावर वाटी, वाटीत पंचा, पंच्यात पिल्लू: ३१०, २९५, २८०, २१५. प्रत्येकाच्या पायाला वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा, सैल. दोन दिवसांनी आकडा चढायला हवा. २१५ वाल्यावर डोळा ठेवायचा. बाकीचे त्याला आचळावरून ढकलतात, म्हणून त्याला मागच्या जोडीला लावायचं, तिथे दूध जास्त.

सकाळी ६.४५
डॉक्टर आले. चपला बाहेर. भुरीनं गुरगुरून दाखवलं, पण उठली नाही. पोट चाचपलं, रिकामं. बिल पाचशे. पुढच्या सूचना: दोन आठवड्यांनी जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांनी लस, पिल्लं दुधातून सुटली की भुरीची नसबंदी. तोवर दुप्पट-तिप्पट खाणं. मावशी हिशेब लावतात. रोज अर्धा किलो माना जास्त, म्हणजे महिन्याला साधारण नऊशे. वर्गणीदारांच्या ग्रुपवर मेसेज टाकायला मला सांगतात.

७.१०
बाहेर अकरा कुत्री ओरडतायत. शेजारच्या गॅरेजमधला पोरगा दुपारपर्यंत बाजेपाशी बसणार आहे, पन्नास रुपये आणि चहा. मावशी त्याला बाटल्यांतलं पाणी कधी बदलायचं ते दाखवतात. तेवढ्यात पोळ्यांच्या घरून फोन. संध्याकाळी येणार ना, पाहुणे आहेत, वीस लागतील. मावशी खांद्यानं फोन कानाला धरून कणी धुतायत. "येते सहाला. कणीक तेवढी भिजवून ठेवा."