तळपायाचा डाग, जुना व्रण आणि तरुण वय

तापीकाठच्या केळीबागांत भर मे महिन्यातही घड वाहणाऱ्यांची लगबग थांबत नाही. तरीही अशा उन्हात आयुष्य काढणाऱ्या बऱ्हाणपूरकराला त्वचेचा कॅन्सर गोऱ्या माणसाच्या मानाने क्वचितच होतो. आपल्या कातडीतले मेलॅनिन आपल्याला सांभाळते. मात्र त्याच्या भरवशावर आपण या आजाराकडे पाठ फिरवली आणि त्याची किंमत उशिरा पोचणारे रुग्ण मोजतात.

ऑस्ट्रेलियात १९८१ साली उन्हापासून बचावासाठी अंगभर कपडे, मलम आणि टोपी यांची मोहीम सुरू झाली. या शिकवणीत वाढलेली पिढी मोठी झाली, तसा चाळिशीच्या आतल्यांमधला मेलॅनोमा घटत गेला. मेलॅनोमा म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर. तो त्वचेपुरता असतानाच सापडला, तर अमेरिकेत पाच वर्षांनी जवळजवळ सगळे रुग्ण हयात असतात; दूरच्या अवयवांत पोचल्यावर सुमारे एकतृतीयांश. २०११ पासून आलेल्या इम्युनोथेरपीने पसरलेल्या आजारातही आशा निर्माण केली. दोन औषधे एकत्र दिलेल्या अशा रुग्णांपैकी ४३ टक्के १० वर्षांनंतरही हयात असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

आपल्याकडचा मेलॅनोमा मात्र बहुधा तळपाय, तळहात आणि नखाखाली उगवतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नाही. गायक बॉब मार्ले याच प्रकाराने १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी गेला. पायाच्या अंगठ्याची खूण त्याला फुटबॉलची इजा वाटली होती. शेतात अनवाणी राबणाऱ्यालाही असा डाग काट्याचा किंवा ठेचेचाच वाटणार.

दुसरी वाट जुन्या जखमेची. टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. तसेच परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधली की तिथली कातडी आधी काळवंडते, मग सोलवटते, चिरते आणि शेवटी भरतच नाही. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी अशा जखमेतून कॅन्सर झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. भाजल्याच्या व्रणात कॅन्सर व्हायला साधारण तीस वर्षे लागतात. म्हणजे पाचव्या वर्षी चुलीवर भाजलेल्या मुलीला तो ऐन पस्तिशीत गाठू शकतो.

तिसरी वाट आनुवंशिक. काही मुलांमध्ये झेरोडर्मा पिगमेंटोसम हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असतो. नात्यातल्या लग्नांत त्याचा धोका वाढतो. उन्हाने झालेली पेशींची हानी या मुलांच्या शरीराला दुरुस्त करता येत नाही. त्यांच्यात त्वचेचा पहिला कॅन्सर सरासरी नवव्या वर्षाच्या आसपास दिसतो. त्यांना ऊन कटाक्षाने टाळावे लागते.

रुग्ण उशिरा पोचण्यावरचा उपाय आपल्या मातीत सिद्ध झाला आहे. बार्शीत १९८७ मध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावू लागले आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या बायका आधीच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातल्या आशाताईंनी हेच त्वचेसाठी करावे.

वाचकहो, महिन्यातून एकदा घरातल्या सगळ्यांचे तळपाय, नखे आणि जुने व्रण उजेडात पाहा. नाडी सैल बांधा, रुंद पट्टा वापरा. डाग वाढत असेल किंवा जखम महिनाभरात भरत नसेल, तर मलमांवर वेळ घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि तुकडा तपासून घ्या.