चिलखतातला योद्धा: आधी माणूस, मग लोखंड

आज फळ्यावर आपण एक काल्पनिक योद्धा काढणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हा उद्योग कुठून सुचला, असं तुम्ही विचाराल. निवृत्तीनंतर आम्ही चित्रं काढायला लागलो. एकदा मोठ्या हौसेने योद्धा काढला, खांद्यांवर कानापर्यंत पोचणारे पत्रे, त्यांवर शिंगं. नातवाने पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, हा तलवार उचलणार कशी?" आम्ही म्हणालो, "अरे, काल्पनिक आहे तो." म्हणालो खरं, पण लगेच मनात खटकलं. ही पळवाट होती, आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत नेमकी हीच पळवाट आम्ही जन्मभर लाल शाईने खोडत आलो होतो.

डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये सोन्याच्या डोंगराचं उदाहरण दिलं. असा डोंगर कुणी पाहिलेला नाही. पण सोनं पाहिलंय, डोंगरही पाहिलाय. कल्पना त्यांची जोडणी करते. म्हणजे काय, तर कल्पनेलाही कच्चा माल लागतो.

आता खडू घेऊ. पहिली पायरी, उंची. उभा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो. योद्धा रुबाबदार दिसावा म्हणून आपण 8 धरू. 8 सारखे भाग पाडा. चौथ्या भागाची रेघ जांघेशी येते.

दुसरी पायरी, तोल. छातीसाठी अंडाकृती, कंबरेसाठी पेटी. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर चढते आणि खांदा खाली उतरतो. एवढ्याने आकृती जिवंत होते.

तिसरी, सांधे. खांदा, कोपर, मनगट, गुडघा, घोटा इथे छोटे गोल काढा आणि हातापायांना मांस द्या. चिलखत अजून नाही हं! घाई इथेच नडते.

चौथी पायरी, लोखंड. दोन सांध्यांच्या मध्ये नळी, सांध्यावर वाटी. गुडघ्याच्या हाडाला आपण वाटीच म्हणतो, तशीच ही. छातीचा पत्रा कंबरेच्या बारीक भागाशी थांबवा, नाहीतर योद्धा वाकणार नाही. त्याखाली एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या. काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला पत्रा बसत नाही. तिथे कड्यांची जाळी दाखवा.

पाचवी पायरी आम्हाला नातवाने शिकवली. दुसऱ्या कागदावर त्याच योद्ध्याचा हात वर करून बघा. पत्रा आड आला, तर पत्रा बदला.

आणि शिंगं? ती सर्वांत शेवटी. मग खुशाल काढा.

आल्ब्रेख्ट ड्यूररचंच बघा. 1498 मध्ये त्याने चिलखतातला एक घोडेस्वार काढून रंगवला आणि त्या काळी जर्मनीत चिलखत असं होतं, अशी नोंद वर स्वतःच्या हाताने केली. ते चित्र व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. पंधरा वर्षांनी, 1513 मध्ये, त्याने तांब्याच्या पत्र्यावर 'सरदार, मृत्यू आणि सैतान' हे चित्र कोरलं. त्यात वाळूचं घड्याळ धरलेला मृत्यू आहे, मागे डुकरासारख्या तोंडाचा सैतान आहे. दोघांनाही कुणी पाहिलेलं नाही. तरी आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो, कारण मधला स्वार खरा आहे, त्याचं चिलखत आधी अभ्यासलेलं आहे. घोड्याचा मागचा पाय ड्यूररने मध्येच बदलला होता. आधीच्या खुराची पुसट रेघ छापात आजही दिसते. एवढ्या मोठ्या कलावंतानेही 'काल्पनिक आहे' म्हणून पाय तसाच सोडून दिला नाही.

आम्ही आमचा योद्धा पुन्हा काढला. खांद्यांचे पत्रे लहान झाले, शिंगं तेवढी राहिली. नातवाने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आता उचलेल."

घरी जाऊन तुम्हीही काढून बघा. प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.