दाराबाहेरची जागा कोणाची?

जोगेश्वरीत सध्या कोणाच्याही घरी चहाला बसा, बोलणे फिरून रिडेव्हलपमेंटवर येते. मजला कितवा, भाडे किती महिन्यांचे, घर किती फुटांचे? झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचे घर मिळते. पक्के छत, घरात नळ, घरात संडास ही लहान गोष्ट नाही. रात्री-अपरात्री सार्वजनिक संडासाकडे जावे लागणाऱ्या बायकांना तिची किंमत विचारावी. पण दाराबाहेर काय असेल, हा प्रश्न मीटिंगमध्ये क्वचितच निघतो.

माणसाचे मन आणि त्याच्या भोवतालची जागा यांचा संबंध अभ्यासणारी मानसशास्त्राची एक शाखा आहे. तिला पर्यावरणीय मानसशास्त्र म्हणतात. घरे बांधणाऱ्यांना तिची गरज का आहे, हे अमेरिकेतील सेंट लुइस शहराच्या एका उदाहरणावरून कळते. तेथे १९५०च्या दशकात गरीब कुटुंबांसाठी प्रुइट-आयगो ही वसाहत उभी राहिली. ११ मजल्यांच्या ३३ इमारती. पुढे तिथले जिने, लिफ्ट आणि पॅसेज इतके भयाण झाले, की १९७२मध्ये इमारती पाडायला सुरुवात करावी लागली.

वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांनी तिथे एक गोष्ट टिपली. जिन्यालगतची जी जागा दोनच कुटुंबांत सामाईक होती ती स्वच्छ होती, आणि ज्या पॅसेजमध्ये २० कुटुंबांची ये-जा होती त्याची दुर्दशा होती. घरे आतून मात्र नीटनेटकी. रस्त्यापलीकडच्या बैठ्या वसाहतीत तशीच गरीब कुटुंबे राहत होती, तिथे ही पाळी आली नाही. देखभालीला पैसा कमी पडला, हेही कारण होतेच. तरी थोड्या माणसांची जागा ‘आपली’ वाटते आणि फार माणसांची जागा कोणाचीच राहत नाही, हे न्यूमन यांचे म्हणणे आपणही आसपासच्या इमारतींत पडताळून पाहू शकतो.

उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात. ज्याची आणि आपली सावली एक, तो हमसाया. गल्लीत दारे उघडी असतात. दादी उंबरठ्यावर तांदूळ निवडत बसते आणि तिची नजर चार घरांच्या मुलांवर असते. रमजानमध्ये मगरिबच्या आधी ताटल्या या दारातून त्या दारात जातात. हीच दादी सातव्या मजल्यावर अंधाऱ्या पॅसेजमधल्या बंद दारामागे गेली, की तिला दिवसभर बोलायला माणूस उरत नाही. मुलांवरची ती नजरही जाते.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. केव्हिन लिंच या अभ्यासकाने १९६०च्या आपल्या पुस्तकासाठी लोकांना त्यांच्या शहराचा नकाशा आठवणीने काढायला सांगितले होते. आम्ही हा प्रयोग वर्गात केला. मुलांच्या कागदावर मैदान, स्टेशन, पतंगाचे दुकान, मित्रांचे अड्डे आले. बहुतेक मुलींच्या कागदावर घर, शाळा, क्लास आणि त्यांना जोडणारी एक रेघ. एकीने दोन वळणांवर फुली मारली होती. विचारले तर म्हणाली, “इथून जायचे नाही.” शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडले आहे. बाईला रस्त्यावर काही काम असल्याशिवाय थांबता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलीचे शहर एवढे अरुंद असेल, तर इमारतीचे आवार, जिना आणि गच्ची हीच तिची मोकळी जागा ठरते.

म्हणून नकाशा दाखवला जाईल तेव्हा काही गोष्टी विचाराव्यात. एका पॅसेजवर घरे किती? जिन्यात उजेड खिडकीतून येतो की फक्त दिव्याचा? मुले खेळतील ती जागा घरांच्या खिडक्यांतून दिसते का? तळमजला सगळा पार्किंगलाच जाणार, की बसायला कट्टा आहे? बालवाडी आणि समाजकल्याण केंद्राला नियमाने जागा द्यावी लागते. ती कुठे आहे आणि तिची किल्ली कोणाकडे राहील? सोडत निघाल्यावर जुने शेजारी एका मजल्यावर येतील का?

मीटिंगला बहुधा घरातला पुरुष जातो. त्या इमारतीत दिवसाचे बहुतेक तास काढणार आहेत त्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. त्यांनाही मीटिंगला न्यावे. ते जमत नसेल तर सही करण्यापूर्वी नकाशाची प्रत घरी आणावी, जमिनीवर पसरावी आणि अम्मीला व मुलीला विचारावे, तुम्ही यात कुठे बसाल?