रक्त पातळ ठेवणारी गोळी सांभाळताना

हृदयात धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. वॉरफरीन किंवा त्याच कुळातले असेनोकुमारॉल, ही त्यातली नेहमीची औषधे. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. जास्त झाली तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पथ्याची कटकट नसलेली नवी औषधे आता आली आहेत, पण धातूच्या झडपेसाठी ती चालत नाहीत.

वॉरफरीनचा शोध गोठ्यातून लागला. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरे किरकोळ जखमेनेही रक्त वाहून मरू लागली. कॅनडातील पशुवैद्यक फ्रँक स्कोफिल्ड यांनी स्वीट क्लोव्हर या वैरणीतले चांगले आणि बुरसलेले देठ निवडून वेगळे केले आणि ते दोन सशांना खाऊ घातले. चांगले देठ खाणारा ससा ठणठणीत राहिला, दुसरा रक्तस्रावाने मेला. पुढे १९३३ साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन, हिमवादळातून, कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक यांच्या चमूने बुरसलेल्या वैरणीतले रसायन वेगळे काढले. त्यावरूनच वॉरफरीन तयार झाले. १९४८मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४मध्ये माणसांसाठी मान्य झाले. शोधाचे श्रेय लिंक यांना मिळते ते योग्यच, पण वैरणीवर नेमके बोट ठेवणाऱ्या स्कोफिल्ड यांचे नावही तितक्याच आदराने घ्यायला हवे.

रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृत जीवनसत्त्व ‘के’च्या मदतीने बनवते. वॉरफरीन ‘के’ जीवनसत्त्वाचा पुनर्वापर रोखते. मात्र आधीच रक्तात असलेली प्रथिने तशीच राहतात. नळ बंद केला तरी टाकीतले पाणी संपेपर्यंत घरात पाणी येतच राहते, तसे हे आहे. या प्रथिनांपैकी सातव्या क्रमांकाचा घटक काही तासांत ओसरतो, प्रोथ्रॉम्बिनला मात्र दिवस लागतात. म्हणून आज बदललेल्या मात्रेचा पूर्ण परिणाम आयएनआर या रक्ततपासणीत काही दिवसांनी दिसतो. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर द्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीही देऊ नये.

मेथी, पालक, शेपू यांत ‘के’ भरपूर असते. या भाज्या बंद करण्याची गरज नसते. दर आठवड्याचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे. एरवी न खाणाऱ्याने श्रावणात रोज पालेभाजी सुरू केली, तर आयएनआर खाली येऊ शकतो. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमोक्सॅझोल, फ्लुकोनॅझोल ही औषधे वॉरफरीनचा जोर वाढवतात. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन तो बराच कमी करते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन तर पोटातल्या रक्तस्रावाला निमंत्रणच.

घरात यासाठी एक वही असावी. तारीख, दिलेली मात्रा, आयएनआर, मध्येच सुरू झालेले औषध, जुलाब किंवा न जेवलेले दिवस यांची नोंद तीत ठेवावी. एक दिवस दोन मिलिग्रॅम आणि दुसऱ्या दिवशी तीन, अशी मात्रा असेल तर आठवड्याच्या डबीत रविवारीच सगळ्या गोळ्या भराव्यात. दात काढण्यापूर्वी डेंटिस्टला ही वही दाखवावी. काळी शौच, लघवीत रक्त, डोक्याला मार किंवा अचानक तीव्र डोकेदुखी असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे.