नवे हृदय मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतर

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की या रुग्णाच्या छातीत दुसऱ्या व्यक्तीचे हृदय बसवले. जगभर खळबळ उडाली. पुढच्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वॉशकान्स्की १८ दिवस जगले. सेन यांचा रुग्ण काही तासांतच दगावला. मुंबईत हृदयरोपण यशस्वी व्हायला त्यानंतर ४७ वर्षे लागली.

एवढी वर्षे का लागली? सर्जनचे हात तर १९६८ सालीही तयार होते. वॉशकान्स्की यांचे नवे हृदय अखेरपर्यंत नीट चालत होते. त्यांना नेले न्यूमोनियाने. शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली होती, आणि त्यामुळे जंतूंना रान मोकळे झाले. हृदयरोपणाची खरी अडचण तेव्हाही शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हती आणि आजही नाही. ती आधी आहे आणि नंतर आहे.

आधीची अडचण पुष्कळदा आपल्या घरातच सुरू होते. हृदय निकामी होण्याची कारणे अनेक आहेत. स्नायूंचा आजार, खराब झालेल्या झडपा, जन्मजात दोष. पण मोठे कारण म्हणजे उशिरा उपचार मिळालेला हार्ट अटॅक. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्यापुढचा स्नायू मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. अशा वेळी आपण काय करतो? अब्बांच्या छातीत जळजळते, घाम फुटतो, तर कोणी सोडा देतो, कोणी ओवा. ‘दावतीत जड खाल्ले, गॅस झाला असेल.’ मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना तर कित्येकदा छातीत दुखतही नाही. नुसती धाप लागते, मळमळते, जबडा किंवा पाठ दुखते. अम्मी सांगतात, ‘थकवा आलाय,’ आणि पडून राहतात.

दुसरी चूक कोकणात फार दिसते. म्हसळा, श्रीवर्धनकडे कोणाला अटॅक आला की नातेवाईक गाडी काढून थेट मुंबईची वाट धरतात. चार-पाच तास रस्त्यात जातात आणि तोवर ई.सी.जी. सुद्धा निघालेला नसतो. मोठ्या रुग्णालयावर भरवसा असणे समजू शकते, पण हा क्रम उलटा आहे. १०८ला फोन करावा, सर्वांत जवळच्या ठिकाणी ई.सी.जी. काढून घ्यावा. अँजिओप्लास्टीची सोय दूर असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देता येते का, ते विचारावे. हे इंजेक्शन पहिल्या काही तासांत खरे काम करते. शेजाऱ्याकडची जिभेखाली ठेवायची गोळी आपल्या मनाने देऊ नये. रक्तदाब आधीच उतरला असेल तर तो आणखी खाली जातो. माणूस बेशुद्ध पडून श्वास थांबला तर मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे.

इतके करूनही हृदय कायमचे कमजोर राहिले, औषधे पुरेनाशी झाली, तरच रोपणाचा विषय निघतो. रक्तगट जुळावा लागतो, देणारा आणि घेणारा यांच्या शरीराचा आकार जुळावा लागतो. काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवे. मूत्रपिंड बर्फात दिवसभर थांबू शकते, हृदय थांबत नाही. म्हणून तर वाहतूक रोखून ग्रीन कॉरिडॉर करावा लागतो. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून विमानाने आलेले हृदय मुलुंडमध्ये एका तरुणाला बसवले गेले, ते असेच.

आणि मग नंतरचे आयुष्य. १९८०च्या सुमारास सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर चित्र पालटले. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर आज निम्म्याहून अधिक रुग्ण दहा वर्षांपुढे जगतात. पण औषधे जन्मभर, ठरल्या वेळी, सहसा दर बारा तासांनी. त्यांनी मधुमेह होऊ शकतो, मूत्रपिंडे थकतात, दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. पपनस खायचे नाही, त्याने रक्तातील औषधाचे प्रमाण बिघडते. कच्चे-अर्धे शिजलेले मांस वर्ज्य. रोजा ठेवण्याबद्दल आधी हृदयतज्ज्ञांना विचारायचे. आजाऱ्याला शरीयतने सवलत दिलेलीच आहे. एक विचित्र गोष्टही सांगायला हवी. रोपणात हृदयाच्या नसा कापल्या जातात. त्यामुळे पुढे या नव्या हृदयाच्या वाहिन्या अरुंद झाल्या तरी बहुधा छातीत कळ येत नाही. दुखत नाही म्हणून तपासणी टाळणारा रुग्ण इथे फसतो.

उरतो सर्वांत नाजूक प्रश्न: हृदय येते कुठून? ते बहुतेकदा मेंदूमृत व्यक्तीकडून येते. भारतात १९९४च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली, आणि हा कायदा प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. कोमा वेगळा, कोमातून माणूस परत येऊ शकतो. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८६ मध्ये मेंदूमृत्यू मान्य केला, १९८८ मध्ये मृताचा अवयव गरजवंताला देण्यास अटींसह परवानगी दिली. अवयवाची विक्री मात्र नाजायज ठरवली. आपल्याकडच्या अनेक उलेमांचे मत वेगळे आहे, आणि तेही आदराने ऐकायला हवे. माझे म्हणणे एवढेच, की हा मसला आपल्या भरवशाच्या आलिमांना आजच, घरात सगळे धडधाकट असताना विचारावा. आय.सी.यू.च्या दारात डॉक्टर संमतीचा कागद पुढे करतात तेव्हा कोणाचेच डोके ठिकाणावर नसते.

तिथे बहुतेकांच्या मनात एक धास्ती असते: मय्यत कधी मिळणार, गुस्ल-कफन नीट होईल ना? अवयव काढल्यावर टाके घालून देह नातेवाइकांच्या ताब्यात देतात, गुस्ल नेहमीसारखाच देता येतो. अपघाताची केस असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन आलेच, मग दफनाला उशीर होतो. त्या तासांचा अंदाज रुग्णालयातील अवयवदान समन्वयकाकडून आधीच विचारून घ्यावा, म्हणजे जनाजाची वेळ नातलगांना कळवता येते.